सोरेन्सन: पीएच नावाचा आकडा जगाला देणारा माणूस

फेसवॉशच्या जाहिरातीत, वॉटर प्युरिफायरच्या बॉक्सवर, फिश टँकवाल्यांच्या ग्रुपवर आणि शेतीच्या अ‍ॅपमध्ये एक गोष्ट हमखास दिसते: पीएच. गावाकडे माती परीक्षणाचा रिपोर्ट आला असेल तर त्यात पहिल्याच काही ओळींत 'सामू' असं लिहिलेलं असतं. सामू म्हणजेच पीएच. शाळेत आपण पाठ केलं की ७ म्हणजे उदासीन, ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर आम्लारी. पेपरात दोन मार्क मिळाले आणि विषय संपला.

पण हा आकडा आला कुठून? कुणीतरी बसून ठरवला असणारच ना? मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रसायनशास्त्र माझा विषय नाही. तरी मला या माणसाबद्दल लिहायचंय, कारण त्याने जे केलं ते मला रसायनशास्त्राइतकंच आपल्या कामासारखंही वाटतं. एक अवघड गोष्ट मोजायची पद्धत शोधली, तिला सोपं रूप दिलं आणि सगळ्यांसाठी खुली करून टाकली.

त्यांचं नाव सोरेन पेडर लॉरिट्झ सोरेन्सन. देश डेन्मार्क.

शेतकऱ्याचा मुलगा

सोरेन्सन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ चा. डेन्मार्कच्या सीलंड बेटावर हावरेब्येर्ग नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील शेतकरी. १८८६ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, हा मुलगा कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला तो डॉक्टर व्हायला. आपल्याकडे जसं मेडिकल की इंजिनिअरिंग हा प्रश्न घरोघरी असतो, तसा त्यांच्यापुढेही रस्ता बदलायचा प्रसंग आला. तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते सोफस मॅड्स यॉर्गेन्सन. त्यांच्या प्रभावाखाली सोरेन्सन यांनी मेडिकल सोडलं आणि केमिस्ट्री धरली.

विद्यार्थी असतानाच त्यांच्या निबंधांना विद्यापीठाची दोन सुवर्णपदकं मिळाली. पुढची बरीच वर्षं त्यांनी यॉर्गेन्सन यांच्या हाताखाली लॅबमध्ये सहाय्यक म्हणून काढली. शिवाय डॅनिश नौदलाच्या गोदीसाठी सल्लागार म्हणूनही काम केलं. १८९९ मध्ये डॉक्टरेट मिळाली, ती कोबाल्टच्या संयुगांवर. म्हणजे तोपर्यंतचं सगळं काम धातू आणि खनिजांच्या केमिस्ट्रीतलं. एन्झाइम, प्रोटीन वगैरे जिवंत गोष्टींशी अजून संबंध आलेला नव्हता.

तो आला १९०१ मध्ये. आणि आला कुठून? एका बिअर कंपनीतून!

बिअर कंपनीची लॅब, पण शोध सगळ्यांसाठी

कार्ल्सबर्ग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. या ब्रुअरीचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये कोपनहेगनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. बिअर बनवणं हे तेव्हा बरंचसं अंदाजाचं काम होतं. एक घाणा उत्तम उतरायचा, तर पुढचा आंबट होऊन फेकून द्यावा लागायचा. याकोबसेन यांना यामागचं विज्ञान हवं होतं.

पण त्यांनी एक वेगळीच अट घातली. प्रयोगशाळेत जो काही महत्त्वाचा शोध लागेल तो लपवून ठेवायचा नाही, प्रसिद्ध करायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीच्या पैशावर चालणारा ओपन सोर्स प्रोजेक्ट! ही अट कागदावरच राहिली नाही. १८८३ मध्ये एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी तिथे शुद्ध यीस्ट वेगळं करून वाढवायची पद्धत काढली, तेव्हा ती पद्धतही जाहीर झाली आणि यीस्टही दुसऱ्या ब्रुअरींना दिलं गेलं. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी धान्यातला नायट्रोजन मोजायची पद्धत दिली. आज पाकिटावर जो प्रोटीनचा आकडा छापलेला असतो, तो ठरवताना ही पद्धत अजूनही वापरली जाते.

केल्डाल १९०० मध्ये वारले. त्यांच्या जागी रसायन विभागाचे प्रमुख म्हणून १९०१ मध्ये सोरेन्सन आले. तेव्हा वय ३३. या खुर्चीत ते १९३८ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षं राहिले.

तिथे आल्यावर त्यांनी आपला विषयच बदलला. कोबाल्ट बाजूला ठेवून ते अमिनो आम्लं, प्रोटीन आणि एन्झाइम यांच्याकडे वळले. १९०७ मध्ये त्यांनी अमिनो आम्लं मोजायची एक हुशार युक्ती काढली. अमिनो आम्लाच्या एका टोकाला आम्ल असतं आणि दुसऱ्या टोकाला आम्लारी. दोघं एकमेकांना झाकून टाकतात, त्यामुळे साध्या पद्धतीने आम्ल मोजता येत नाही. सोरेन्सन यांनी त्यात फॉर्मॅल्डिहाइड टाकलं. ते आम्लारीच्या टोकाला पकडून ठेवतं, आणि मग आम्लाचं टोक मोकळं होऊन मोजता येतं. फळांचा रस खरा आहे की पाणी घातलेला, हे तपासताना ही युक्ती आजही कामाला येते.

खरी अडचण कुठे होती?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. दुधाचं दही होतं, पोटात अन्न पचतं, यीस्ट साखरेची दारू करतं, ही सगळी विकरांची कामं. आणि विकरं फार नखरेल असतात. द्रावण थोडं जास्त आंबट झालं की काम मंदावतं, थोडं कमी झालं तरी मंदावतं.

त्या काळच्या संशोधकांना आंबटपणाचा परिणाम होतो एवढं ठाऊक होतं. पण प्रत्येकाचे निष्कर्ष वेगळे येत होते. एकाचा प्रयोग दुसऱ्याच्या लॅबमध्ये जुळत नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, 'माझ्या मशीनवर तर चालतंय', तसा प्रकार.

कारण आंबटपणा मोजायची रूढ पद्धत चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. ती पद्धत म्हणजे टायट्रेशन. आम्लात थेंब थेंब आम्लारी टाकत राहायचं आणि ते पूर्ण मारायला किती लागलं ते बघायचं. यातून कळतं की द्रावणात एकूण आम्ल किती आहे. पण विकराला एकूण साठ्याशी देणंघेणं नसतं. त्या क्षणी पाण्यात किती हायड्रोजन आयन मोकळे फिरताहेत, हे त्याच्यासाठी महत्त्वाचं.

एक उदाहरण घेऊ. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल, दोन्ही एका लिटरला ०.१ मोल या प्रमाणात घ्या. टायट्रेशन केलं तर दोन्हींना सारखीच आम्लारी लागेल, म्हणजे दोन्ही 'सारखी आंबट'. पण हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे हायड्रोजन आयन मोकळे होतात, तर अॅसेटिक आम्लाचे शंभरातले एक-दीडच. त्यामुळे पहिल्याचा पीएच सुमारे १ आणि दुसऱ्याचा सुमारे २.९. मोकळ्या आयनांचा फरक जवळपास ७५ पट!

दुकानाचंच बघा ना. गोडाऊनमध्ये माल किती आहे आणि काउंटरवर किती मांडलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायट्रेशन गोडाऊन मोजतं. विकराला काउंटर दिसतो.

१९०९: एक लांबलचक पेपर

१९०९ मध्ये सोरेन्सन यांचा विकरांवरचा पेपर आला. शंभराहून जास्त पानांचा. जर्मनमध्ये छापला गेला, शिवाय कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या स्वतःच्या प्रकाशनातही आला. विषय होता विकरांच्या कामात हायड्रोजन आयनांचं प्रमाण कसं मोजायचं आणि त्याचं महत्त्व काय.

यात त्यांनी इन्व्हर्टेज, कॅटालेज आणि पेप्सिन ही विकरं घेऊन दाखवलं की आलेखाची एक अक्ष मोकळ्या हायड्रोजन आयनांची ठेवली की सगळा गोंधळ निवळतो. विकराच्या वेगाची छान डोंगरासारखी रेघ येते. मधे शिखर, दोन्ही बाजूंना उतार. त्या शिखरावर विकर सर्वात जोमाने काम करतं.

पण ही अक्ष लिहायची कशी? शुद्ध पाण्यात मोकळ्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिटरला ०.०००००‌०१ मोल असतं. लिंबाच्या रसात ०.०१ च्या आसपास. साबणाच्या पाण्यात ०.०००००००००१ च्या घरात. इतकी शून्यं कोण मोजणार? एक शून्य चुकलं की उत्तर दहा पटीने चुकलं.

सोरेन्सन यांनी काय केलं, तर दहाचा घात तेवढा उचलला आणि वजाचं चिन्ह टाकून दिलं. ०.०१ म्हणजे दहाचा उणे २ घात, म्हणून आकडा २. शुद्ध पाण्याचा आकडा ७. साबणाच्या पाण्याचा १०. बस, एवढंच! या आकड्याला त्यांनी हायड्रोजन आयनांचा घातांक म्हटलं आणि त्यासाठी पी हे अक्षर आणि त्याच्या पायाशी छोटं एच असं चिन्ह वापरलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून द्रावणांची वर्गवारी करायची कल्पना त्यांच्या आधी, १९०४ मध्ये, हान्स फ्रिडेन्थाल यांनी मांडली होती. सोरेन्सन यांचं मोठेपण असं की त्यांनी आकडा, तो मोजायची पद्धत आणि तो का मोजायचा याचं कारण, असं पूर्ण पॅकेज दिलं. आपल्या क्षेत्रातही तेच दिसतं. आयडिया अनेकांकडे असते. डॉक्युमेंटेशनसकट चालणारी सिस्टीम जो देतो, त्याची वापरली जाते.

लॉग स्केल: सोय की सापळा?

ज्यांनी ऑडिओ अ‍ॅपमध्ये डेसिबल पाहिलेत किंवा बातम्यांत भूकंपाची तीव्रता ऐकली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पीएचचा आकडा एकाने बदलला की खरी गोष्ट दहा पटीने बदलते. पीएच ६ वरून ५ वर आला तर हायड्रोजन आयन १० पट वाढले. ६ वरून ४ वर आला तर १०० पट.

सोय मोठी आहे, पण इथे सापळाही आहे, आणि डेटाशी खेळणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. समजा एका सेन्सरने पीएच ४ दाखवला आणि दुसऱ्याने ६. सरासरी किती? हात लगेच ५ लिहितो. पण आयनांच्या प्रमाणाची सरासरी काढून परत पीएचमध्ये आणली तर उत्तर येतं ४.३. कारण पीएच ४ च्या द्रावणात आयन १०० पट जास्त आहेत, त्याचं पारडं जड. त्यामुळे पाण्याच्या किंवा मातीच्या रीडिंगवर सरळ सरासरीचं फंक्शन लावण्याआधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवायला लागतं.

मग सोरेन्सन यांनी लॉग फक्त सोयीसाठी घेतला का? तसं नाही. निसर्गातच त्याची मुळं आहेत. त्यांनी मोजायला हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरला, आणि नर्न्स्ट यांच्या समीकरणानुसार अशा इलेक्ट्रोडचं व्होल्टेज आयनांच्या प्रमाणाच्या लॉगप्रमाणे बदलतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकाने बदलला की व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. म्हणजे मीटरवर जे सरळ रेषेत वाचता येतं तेच सोरेन्सन यांनी आकडा म्हणून निवडलं.

आणि 'पी' म्हणजे काय?

गंमत इथे आहे. पुस्तकं सांगतात की पी म्हणजे पॉवर, म्हणजे घात. कुणी जर्मन पोटेन्झ सांगतं, कुणी फ्रेंच प्युसान्स. तिन्हींचा अर्थ तोच. पण सोरेन्सन यांनी आपल्या पेपरात पी हेच अक्षर का घेतलं याचा खुलासा केलेलाच नाही. २००० मध्ये डॅनिश संशोधक येन्स नॉर्बी यांनी मूळ पेपर पुन्हा वाचून एक साधं उत्तर सुचवलं. सोरेन्सन यांनी प्रयोगातल्या दोन द्रावणांना पी आणि क्यू अशी नावं दिली होती. ज्याचं प्रमाण शोधायचं ते पी. आपण कोडमध्ये एक्स आणि वाय लिहितो तसंच! शंभर वर्षांहून जास्त टिकलेलं नाव कदाचित एका साध्या व्हेरिएबलचं आहे.

आज आपण पी आणि एच एका ओळीत शेजारी लिहितो, पण सोरेन्सन यांच्या लिखाणात एच पायाशी होतं. छापखान्यात ते जुळवणं त्रासाचं काम. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्यम मॅन्सफिल्ड क्लार्क यांनी १९२० च्या आपल्या पुस्तकात सरळ एका ओळीतलं रूप वापरलं आणि तेच पुढे रुळलं.

मोजायचं कसं, हेही शिकवलं

नुसता आकडा देऊन सोरेन्सन थांबले असते, तर आज त्यांचं नाव कुणाला आठवलं नसतं. त्यांनी मोजायच्या दोन पद्धती तपशिलात लिहून काढल्या.

पहिली विजेची. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन वायू सोडायचा आणि द्रावणात बुडवून व्होल्टेज मोजायचं. अचूक, पण वेळखाऊ. वायू शुद्ध हवा, हात सराईत हवा.

दुसरी रंगाची. लिटमससारखे दर्शक आम्लात एक रंग आणि आम्लारीत दुसरा रंग दाखवतात, हे रॉबर्ट बॉइल यांच्या काळापासून, म्हणजे १७ व्या शतकापासून माहीत होतं. पण लिटमस फक्त हो किंवा नाही सांगतं. सोरेन्सन यांनी अनेक रंगद्रव्यं तपासली. कोणतं कोणत्या पट्ट्यात रंग बदलतं आणि द्रावणातल्या प्रोटीनमुळे कुठलं फसवतं, हे पाहून भरवशाची तेवढी निवडली. मग माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांच्या परीक्षानळ्या ओळीने लावायच्या, त्यात दर्शक टाकायचा आणि आपल्या नमुन्याचा रंग कुठल्या नळीशी जुळतो ते बघायचं. आज मिळणारी रंगीत पट्टी आणि सोबतचा रंगांचा तक्ता याच विचारातून आले.

या 'माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणां'साठी लागतात बफर. तुम्हाला व्हिडिओचं बफरिंग माहीत आहे. नेट कमीजास्त झालं तरी व्हिडिओ अडकू नये म्हणून थोडा डेटा आधीच साठवून ठेवतात, तो धक्का पचवतो. रसायनातला बफरही तसाच. थोडं आम्ल किंवा आम्लारी पडली तरी तो ती पचवतो आणि पीएच जागेवर ठेवतो. कल्पना सोरेन्सन यांच्या आधीची आहे, पण ग्लायसिन, फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट वापरून कोणत्या प्रमाणात काय मिसळलं की कोणता पीएच मिळतो, याची पद्धतशीर कोष्टकं त्यांनी दिली. कुणीही, कुठेही ती वाचून तेच द्रावण बनवू शकत होतं. 'माझ्या मशीनवर चालतंय' हा प्रश्न खरा सुटला तो इथे.

बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगावरचं आपलं प्रसिद्ध काम केलं, तेव्हा त्यांनी पीएच काबूत ठेवूनच प्रयोग केले. मायकेलिस यांनी १९१४ मध्ये हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. हळूहळू डॉक्टर, मातीचे अभ्यासक, साखर आणि कातड्याचे कारखानदार असे सगळेच हा आकडा वापरू लागले.

स्वतःच्या व्याख्येला व्हर्जन २

सोरेन्सन पुढे प्रोटीनकडे वळले. त्यांच्या पत्नी मार्गरेथे ह्योरुप त्यांच्या सहकारीही होत्या. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या अल्ब्युमिनवर दोघांनी मिळून काम केलं. प्रोटीन म्हणजे चिकट गोळा नसून ठरावीक वजनाचा रेणू आहे, हे तेव्हा सगळ्यांना मान्य नव्हतं. अल्ब्युमिनचे स्फटिक बनवून त्याचा दाब मोजणं हे त्या दिशेचं मोठं पाऊल होतं.

पण मला जास्त भावते ती १९२४ ची गोष्ट. तोपर्यंत पीएच सगळीकडे पसरला होता. नाव झालं होतं. दरम्यान रसायनशास्त्र पुढे गेलं आणि लक्षात आलं की गर्दीच्या द्रावणात आयन एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे जेवढे आहेत तेवढे सगळे 'काम' करत नाहीत. इलेक्ट्रोड खरं तर मोजतो ती त्यांची प्रभावी मात्रा, नुसती संख्या नाही. तेव्हा सोरेन्सन यांनीच आपले तरुण सहकारी काय लिंडरस्ट्रॉम-लँग यांच्यासोबत पेपर लिहून व्याख्या सुधारली. आज पीएचची अधिकृत व्याख्या प्रभावी मात्रेवरच आधारलेली आहे.

आपलं नाव ज्यावर उभं आहे, त्यातच दुरुस्ती सुचवायला धाडस लागतं. जुनी व्याख्या चालू ठेवली असती तरी कुणी त्यांना जाब विचारला नसता.

१९३८ मध्ये ते निवृत्त झाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये गेले. त्यांच्या जागी लिंडरस्ट्रॉम-लँगच आले. नोबेल सोरेन्सन यांना कधी मिळालं नाही.

लिंबू ते सिलिकॉन व्हॅली

टेकची साइट आहे, तर हा भाग सांगायलाच हवा. हायड्रोजन इलेक्ट्रोड लॅबमध्ये ठीक, कारखान्यात जिकिरीचा. १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसावर काम करणाऱ्या ग्लेन जोसेफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हीच अडचण आली. रस टिकवायला त्यात सल्फर डायऑक्साइड असायचा. तो लिटमसचा रंग उडवायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडही बिघडवायचा. काचेचा इलेक्ट्रोड चालला असता, पण त्यातून येणारा करंट इतका कमी की साध्या मीटरला तो कळायचा नाही. जोसेफ आपल्या कॉलेजमधल्या जुन्या मित्राकडे गेले. तो मित्र म्हणजे अरनॉल्ड बेकमन. बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि सगळं एका पेटीत बसवलं. १९३५ मध्ये हे यंत्र बाजारात आलं, किंमत १९५ डॉलर.

त्या पेटीतून बेकमन यांची मोठी कंपनी उभी राहिली. याच कंपनीच्या पैशावर १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरवाले विल्यम शॉकली यांनी कॅलिफोर्नियात सेमीकंडक्टरची लॅब सुरू केली. १९५७ मध्ये तिथून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यातल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल सुरू केली. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीच्या पायात थोडा लिंबाचा रस आहे!

आणि चक्र फिरून परत आलं. १९७० मध्ये नेदरलँड्सच्या पीट बर्गवेल्ड यांनी पीएच ओळखणारा ट्रान्झिस्टर बनवला. पुढे डीएनए वाचणाऱ्या काही चिप्स याच तत्त्वावर निघाल्या. डीएनएची साखळी एका अक्षराने वाढली की एक हायड्रोजन आयन सुटतो, आणि चिप त्या पीएचच्या बदलावरून अक्षर ओळखते.

हा आकडा आपल्या हातात आल्यावर

२०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला एक फॉरवर्ड फिरत होता. लिंबाचा पीएच ९.९, अव्होकॅडोचा १५.६, म्हणून हे खा आणि विषाणू मारा. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. ९.९ म्हणजे कोट्यवधी पटींची गफलत. आणि १५.६ चं अव्होकॅडो खरंच असतं तर ते खाताना तोंड भाजलं असतं! शिवाय आपलं रक्त ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतं. फुप्फुसं, मूत्रपिंड आणि रक्तातले बफर ते सांभाळतात, जेवणातल्या एका फळाने ते हलत नाही.

तो फॉरवर्ड पटला कारण त्यात दशांश चिन्ह होतं. आकडा दिसला की आपण विज्ञान समजतो. सोरेन्सन यांचा सगळा पेपर याच्या उलट सांगतो. त्यांनी आकड्यासाठी थोडी जागा घेतली आणि तो कसा मोजला हे सांगण्यासाठी पानंच्या पानं.

म्हणून पीएच पेन विकत घेतलात तर सोबत येणाऱ्या पावडरच्या पुड्या फेकू नका. त्या बफरच्या आहेत, साधारण ४, ७ आणि ९ किंवा १० च्या. त्या पाण्यात विरघळवून पेन आधी त्यांच्याशी जुळवून घ्यायचं असतं, नाहीतर स्क्रीनवरच्या आकड्याला अर्थ नाही. टीडीएस मीटरला पीएच मीटर समजू नका. ते पाण्यात विरघळलेले क्षार सांगतं, आंबटपणा नाही. कॅमेऱ्याने पट्टीचा रंग वाचणारं अ‍ॅप वापरत असाल तर उजेड बदलला की उत्तर बदलू शकतं, हे ध्यानात ठेवा.

आणि घरी शेती असेल तर मातीचा रिपोर्ट एकदा काढून बघाच. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू बऱ्याचदा ७.५ ते ८.५ असतो. तिथे लोह मातीत असूनही पिकाच्या मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. कोकणातली तांबडी जांभ्याची जमीन याच्या उलट, आम्लधर्मी. एकाच खताचा डोस दोन्हीकडे सारखा चालणार नाही. गोडाऊन आणि काउंटरमधला फरक इथेही तोच आहे. मातीत किती आहे हे एक, आणि मुळापर्यंत किती पोचतं हे दुसरं. रिपोर्टवर सामूच्या रकान्यात दिसणारा तो एक आकडा या दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवतो. खत आणायला जाण्याआधी तो वाचून जा.